राखून ठेवलेली बाहुली

खिडकीपलीकडच्या कारकुनाने यादीवरून बोट वरून खाली फिरवलं, मग खालून वर फिरवलं आणि म्हणाला, "डोळे करणारी असं काही इथे नाही."

"नीट बघा," मी म्हटलं.

"बाई, नीटच बघतोय. वेल्डर आहे, गवंडी आहे, नर्स आहे. घोड्यांना नाल ठोकणारा आहे. डोळे करणारी नाही."

माझं डोकंच सणकलं. घोड्याच्या खुराची यांना काळजी, आणि माणसाच्या डोळ्याची नाही! पण शिक्का त्याच्या हातात होता, म्हणून जिभेवर आलेलं गिळलं. माझा शिकाऊ परवाना संपायला नऊ आठवडे उरले होते. पुढे राहायचं तर कामाचा व्हिसा हवा, आणि तो सरळ मिळतो टंचाईच्या यादीतल्या लोकांना, म्हणजे ज्या कामाला इथे माणूस मिळत नाही त्या कामवाल्यांना. आता माझं काम करणारी सबंध देशात मिळून सात माणसं, त्यातलं एक अंथरुणाला खिळलेलं. पण टंचाई आहे हे कळायलासुद्धा असं काही काम असतं हे आधी कोणाला तरी माहीत पाहिजे ना!

मी खोटे डोळे करते. आजारात, अपघातात ज्यांचा एक डोळा गेला त्यांच्यासाठी. खोटा डोळा गोटीसारखा गोल असतो असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. पापणीच्या आत बसेल अशी पातळ वाटी असते ती. पांढरा भाग प्लास्टिकचा, त्यावर लाल रेशमाचे उसवलेले तंतू चिकटवून शिरा करायच्या, आणि शर्टाच्या बटणाएवढ्या चकतीवर बुबुळ रंगवायचं. त्या डोळ्याने दिसत काहीच नाही. पण तो नसला की लोक तोंडाकडे बघून बोलायचं टाळतात, आणि असला की टाळत नाहीत.

रंगवायचं कसं, तर माणसाचा चांगला डोळा समोर ठेवून. चार-चार तास. दिवा लावायचा, भिंग लावायचं आणि वाकून बघत राहायचं. दोन वर्षं झाली, तरी पहिल्यांदा वाकते तेव्हा माझा श्वास अडकतो. तुम्ही म्हणणार काळे डोळे, घारे डोळे, संपलं. अहो, काळा म्हणून जो असतो ना, त्यात मध असतो, गंज असतो, कडेला धुरकट निळी किनार असते, आणि मध्येच एखादा पिवळा कण, कोणी मुद्दाम ठेवल्यासारखा. देवाशपथ सांगते, एकाचं बुबुळ दुसऱ्यासारखं नसतं. एकाच माणसाची दोन सारखी नसतात. इतकं बारीक काम कोणी केलं, आणि कोणासाठी? शेजारी झोपणाऱ्या नवऱ्यालाही ते जन्मात दिसत नाही. मला दिसतं, आणि वर त्याचा पगार मिळतो. असं काम सोडून कोण जाईल!

तर तो कारकून अगदीच दगड नव्हता. त्याने दुसरी वाट सांगितली. यादीत नसलेल्या कामाची चार आठवडे जाहिरात द्यायची. इथलं कोणी आलं तर त्याची परीक्षा घ्यायची, कार्यालयाची बाई हजर असताना. कोणीच लायक निघालं नाही तर मला व्हिसा.

"कोणी येणार नाही," आमचे मालक म्हणाले. मालक म्हणजे आमच्या कार्यशाळेचे. चाळीस वर्षं डोळे करतायत. आता त्यांची नजर अधू झाली आहे. मधलं काही दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. त्यामुळे माझ्याशी बोलताना ते खिडकीकडे तोंड करून बोलतात. "डोळे करणाऱ्याचेच डोळे गेले. वरच्याला विनोद कळतो," असं म्हणून स्वतःच हसतात.

सव्वीस दिवस कोणी आलं नाही. घरी नवरा रोज रात्री बोटांवर दिवस मोजायचा. सत्ताविसाव्या दिवशी ती आली.

चोवीस-पंचवीसची असेल. कपांच्या कारखान्यात कपांच्या काठावर फुलं रंगवायची, तिथे छापायचं यंत्र आलं आणि हिला नारळ मिळाला. मी मनात तिचं नाव कपवाली ठेवलं, तेही जरा कुचकटपणेच. परीक्षेत ज्याचा डोळा बघून रंगवायचा तो एक सुतार होता, तपकिरी डोळ्याचा. कार्यालयाची बाई मांडीवर फाइल घेऊन कोपऱ्यात बसली. तिला मी फाइलबाई म्हणते; तिने फाइल हातातून खाली ठेवलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

कपवालीच्या पाठीमागे मी उभी होते. चुकू दे बाई, चुकू दे, असं मनात चाललं होतं. लपवायचं कशाला? तिने ब्रश पाण्यात बुडवला, एकच केस उरेल इतका निथळवला आणि सुताराच्या डोळ्यात बघत बसली. खूप वेळ. मग तिचा हात चालायला लागला तो थांबलाच नाही. बाहेरून आत रेघ, आतून बाहेर रेघ, मध तिने मधाच्या जागी ठेवला, गंज गंजाच्या. त्या पिवळ्या कणापाशी आली आणि तो कण तिने नुसता ठेवला नाही, आधी त्याच्याखाली सावली दिली. कणाला सावली असते हे मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं! माझं तोंड उघडंच राहिलं. चुकू दे, चुकू दे, हे कधी थांबलं मला कळलंही नाही.

मालकांना काही दिसणार नव्हतं. ते खिडकीकडे बघत मला म्हणाले, "तूच सांग."

फाइलबाईने पेन उघडलं. "ही हे काम करू शकेल?"

मी काय काय आठवलं म्हणून सांगू! लेक आठवली. आठ वर्षांची आहे. इथल्या शाळेत पहिलं वर्ष तोंडातून शब्द काढला नाही तिने. नुकतीच शाळेतून चिठ्ठी आली होती की मुलगी वर्गात फार बडबड करते. ती चिठ्ठी आम्ही जपून ठेवली आहे. नवऱ्याला लाँड्रीत कायम केलं होतं. एक 'नाही' म्हटलं की काम फत्ते. पण ती चकती माझ्यासमोर होती, ओली, आणि सुताराचा डोळा तिच्यात जसाच्या तसा होता. नाही म्हणायला जीभ वळेना.

"रंगाला माझ्यापेक्षा चांगली आहे," मी म्हटलं. "बाकी काही येत नाही. साचा घेणं, शिरा, घासणं, काही नाही. पण शिकेल."

"शिकवणार कोण?"

"मी शिकवलं असतं," मालक म्हणाले, "पण मला तिचा चेहराही कडेकडेने गोळा करावा लागतो."

फाइलबाई बराच वेळ लिहीत होती. तीन आठवड्यांनी पत्र आलं. व्हिसा मिळाला होता, शेपूट लावून. इथलं माणूस तयार होईपर्यंत, फार तर तीन वर्षं. दर चार महिन्यांनी फाइलबाई येणार, आणि माणूस तयार झालं की नाही हे शिकवणारीने, म्हणजे मीच, लिहून द्यायचं. ज्या दिवशी मी 'तयार झाली' म्हणेन, त्याच्या साठ दिवसांनी आम्ही तिघं परत.

नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे बसलोय ती फांदी तूच तोडायची, आणि करवतही तूच चालवायची. वा!"

"मग काय करू? फाडून टाकू?"

"फाडू नकोस. हळू कर, एवढंच म्हणतो."

फोनवर आई त्याच्याही पुढे गेली. "सगळं शिकवू नकोस हं. हातचं राखून ठेव. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची तुला लहानपणापासून हौस आहे."

मी आईवर ओरडले, फोन ठेवला, आणि तिने सांगितलं तेच केलं.

राखून ठेवली ती बाहुली. बुबुळाच्या मधोमध काळा ठिपका असतो ना, ती बाहुली. जवळून बघितलं की त्यात आपणच दिसतो, एवढेसे, म्हणून बाहुली. चकतीवर आधी बाहुली काढतात, मग तिच्याभोवती बुबुळ. मी रोज सकाळी लवकर जाऊन चकत्यांवर बाहुल्या काढून ठेवायची आणि कपवाली आली की तयार चकती तिच्या हातात द्यायची. "ठिपक्याचं मी बघते. तू रंगाचं बघ." तिने कधी विचारलं नाही. काळा ठिपका तो, त्यात विचारायचं काय?

बाकी सगळं शिकवलं. मेणाचा साचा, रेशीम उसवणं, पेशंटला धीर देणं. आणि मुलगी काय शिकली! मला शिरा बसवायला अर्धा दिवस लागतो. ही पेशंटला विचारते, झोप किती मिळते, आणि त्याच्या उत्तराप्रमाणे शिरा बसवते. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगत बसायची, आज तिने हे केलं, आज ते. तो म्हणायचा, "तू कोणाच्या बाजूने आहेस ते एकदा ठरव." फाइलबाई दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा मी 'अजून नाही' असं लिहून दिलं. ते खोटं नव्हतं. खरं मात्र होतं का, ते विचारू नका.

तिसऱ्या खेपेच्या आधी लेकीला ताप आला. मी तीन दिवस घरी. नेमकी त्याच आठवड्यात एक पेशंट होती, सरकारी कागदपत्रांच्या तळघरात काम करणारी उंच बाई. दोन वर्षं काळा चष्मा लावून फिरत होती. मालकांनी कपवालीला सांगितलं, तूच कर. चकतीवर ठिपका नव्हता. तिने स्वतः काढला.

चौथ्या दिवशी मी गेले तर डोळा बसवून झाला होता. ती बाई दिव्याखाली खुर्चीत बसली होती, हातात आरसा, आणि गालावरून पाणी वाहत होतं, दोन्ही बाजूंनी. ते ठीकच आहे, अश्रू खोट्या डोळ्याच्या बाजूनेही येतात, पण मी दारात उभी राहून कुठला खरा, कुठला खोटा हे शोधत होते आणि मला कळत नव्हतं. मला! मी दोन पावलं पुढे गेले. तरी कळेना. अंगावर काटा आला. कपवाली टेबलाला टेकून हातरुमाल पिळत उभी होती, जणू तिचीच शस्त्रक्रिया झाली होती.

"बरा झालाय का?" तिने मला विचारलं.

"बरा?" मी म्हटलं.

मग ती बाई कोट घ्यायला बाहेरच्या बोळात गेली. बोळात उजेड कमी आहे. ती कोट चढवत माझ्याकडे बघून हसली, आणि मी पाहिलं. खऱ्या डोळ्यातली बाहुली अंधारात फुलली. खोट्यातली होती तेवढीच राहिली, मोहरीएवढी. एकदम चेहरा कसा तरी झाला, अर्धा घाबरल्यासारखा. कपवालीने ठिपका मापला होता आमच्या झगझगीत दिव्याखाली, आणि बाई आयुष्य काढते तळघरात.

हेच मी सांगितलं नव्हतं. बाहुली उजेडात लहान होते, अंधारात मोठी. आपली तर एकच काढायची असते. म्हणून आधी विचारायचं, तुम्ही दिवसाचा जास्त वेळ कुठल्या उजेडात असता, आणि मग तसल्या उजेडात उभं करून मापायची.

कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मालकांना दिसत नाही. कपवालीला माहीत नाही. बाई खुशीत होती. घरी, कामावर कोणीतरी म्हणेल, चेहऱ्यात काहीतरी चुकतंय बुवा, आणि काय चुकतंय ते कोणालाच सांगता येणार नाही. बाई पुन्हा काळा चष्मा लावेल. आणि परवा, गुरुवारी, फाइलबाई यायची होती. मी गप्प बसले तर 'अजून नाही' लिहायला माझ्याकडे खरंखुरं कारण होतं. तीन वर्षंसुद्धा निघाली असती या एका ठिपक्यावर.

बाईने आमचे आभार मानले. दार उघडलं. जिना उतरायला लागली. मी तिच्या पायऱ्या ऐकत उभी होते. एक, दोन, तीन. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"अहो थांबा!" मी ओरडले. "थांबा, तो डोळा चुकलाय!"

ती वर आली. मी तिला बोळात उभं केलं, कपवालीला बोलावलं आणि दाखवलं. कपवालीचा चेहरा पडला. मग ती वळून माझ्याकडे बघायला लागली. मुलगी हुशार आहे, दोन आणि दोन चार करायला तिला वेळ लागत नाही.

"म्हणून ठिपका तुम्ही काढायचात," ती म्हणाली. "मुद्दाम सांगितलं नव्हतं?"

"हो. मुद्दाम."

"का?"

"तू तयार झालीस की मला जावं लागतं म्हणून."

तिला ती अट ठाऊकच नव्हती. कोणी सांगितलीच नव्हती, मी तर नाहीच नाही. मला वाटलं आता रागावेल, आणि रागावली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण ती त्या बाईकडे वळली आणि म्हणाली, "तुमच्या तळघरात आम्हाला येता येईल? तिथे जाऊनच मापते."

हे मलाही कधी सुचलं नव्हतं. मी आपली बोळात मापायची. कुठल्याही अंधाराला एकच बोळ!

दुपारी आम्ही तिघी तळघरात उतरलो. छतापर्यंत कप्पे, कप्प्यांत गठ्ठे, आणि दर दहा पावलांवर एक मंद दिवा. बाई तिच्या नेहमीच्या टेबलाशी बसली. कपवालीने मापपट्टी तिच्या गालाला टेकवली आणि आम्ही दोघी वाकलो. आधी ठिपका लहानच होता, बाहेरचा उजेड अजून उतरला नव्हता. मग तो हलला. आम्ही बघत असताना तो हळूहळू उघडत गेला, बुबुळाला मागे सारत, थांबून, पुन्हा थोडा, कोणाला विचारून पुढे सरकावं तसा. नुसत्या अंधाराला भेटायला. इतकी वर्षं मी हे माप घेतलं होतं, पण ते होताना असं बसून पाहिलं नव्हतं. त्या काळ्यात दोन तोंडं दिसत होती, एवढीशी, कपवालीचं आणि माझं, शेजारी शेजारी. आम्ही दोघीही मापायचं विसरलो.

"थांबला," शेवटी कपवाली कुजबुजली, आणि तिने आकडा लिहिला.

दीड दिवसात तिने नवा डोळा केला. मी हात लावला नाही, फक्त चहा करून दिला. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ इस्त्री करावी तशी टेबलक्लॉथवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तू गप्प बसली असतीस तर मीच तुला घरात घेतलं नसतं." तो खोटं बोलत होता, पण बोलला याचं मला बरं वाटलं.

गुरुवारी फाइलबाई आली. तळघरातली बाई तिच्यासमोर बसली. मालकांनी मोठा दिवा मालवायला सांगितला आणि खोलीत खिडकीचा तेवढा उजेड राहिला. फाइलबाई उठून बाईच्या अगदी जवळ गेली, एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्यात, मग परत पहिल्यात. तिने चष्मा काढला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला फाइल टेबलावर ठेवताना पाहिलं.

"कुठला?" तिने हळूच विचारलं.

"डावा," बाई म्हणाली आणि हसली. "मलाही आरशात विसरायला होतं."

फाइलबाई जागेवर येऊन बसली. बराच वेळ तिला फाइल उघडायची आठवण झाली नाही. मग तिने पेन काढलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "ही तयार झाली का?"

"झाली," मी म्हटलं.

"नाही, अजून नाही," कपवाली त्याच क्षणी म्हणाली. "मला खूप शिकायचंय. अजून निदान दोन वर्षं." तिचे कान लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत असावी. इतकं वाईट खोटं मी तरी ऐकलं नव्हतं.

मालक खिडकीकडे तोंड करून उभे होते. फाइलबाईने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. पेन कागदावर टेकलेलं होतं.

"दोघींपैकी कोणाचं लिहू?"

"माझं लिहा," मी म्हटलं. "शिकवलंय मी."